बर्फीला भादरलं कुणी?

१

रविवारी सकाळी रोहिणीची किंकाळी ऐकली आणि तेजश्रीने आधी मुक्ताच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. किंकाळी कशाचीही असो, पोरीच्या घशात काही अडकलं नाही ना हे पहिलं बघायचं, हा तिचा गेल्या चौदा महिन्यांचा शिरस्ता होता. मग लेकीला काखेत घेऊन ती नणंदेच्या खोलीकडे धावली.

पलंगावर एक विचित्र जनावर बसलं होतं. तोंड ओळखीचं होतं. चपटं नाक, तांब्याच्या रंगाचे डोळे, गालांभोवती पांढऱ्या केसांचा दाट घेर. पण मानेखाली सगळं गुलाबी आणि उघडंबोडकं. चारी पायांत मोजे घातल्यासारखे केस राहिले होते आणि शेपटीच्या टोकाला एक झुपका. मधलं रान साफ.

"वहिनी, माझ्या बर्फीला कुणीतरी भादरलं हो!" रोहिणीला हुंदका आवरेना.

बर्फी म्हणजे पर्शियन मांजर. वडवणीत तेवढं एकच. दोन वर्षांपूर्वी रोहिणीने तिला बीडच्या मैत्रिणीकडून आणलं तेव्हा बघायला अर्धं गाव लोटलं होतं. वीतभर लांब, रेशमासारखे केस. ते रोज विंचरायचे, नाहीतर काखेत आणि पोटाखाली जटा धरतात. डोळ्यांतून पाणी गळतं, ते ओल्या कापसाने टिपायचं. उन्हाळा लागला की कूलर आधी तिच्या खोलीत. गाडीवरचा बजरंग म्हणायचा, "पुढच्या जल्मी आपल्याला बी बर्फीच व्हायचंय बुवा."

आत्ता मात्र कुणी हसत नव्हतं. सासूबाई तुळजाबाई दारात नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "अगं बया, वास कशाचा येतोय ह्या खोलीत? नासक्या अंड्यावानी! आपल्या घरात अंडं शिजत न्हाई कधी." आणि मग नजर तेजश्रीवर ठेवून, "काल आमी समदे बीडला लग्नाला गेलतो. घरात कोण होतं?"

घरात तेजश्री होती. मुक्ताचं अंग कोमट लागत होतं म्हणून ती लग्नाला गेली नव्हती. मांजर माझ्या लेकीच्या पाळण्याजवळ नको, यावरून तिने वर्षभर घरात भांडणं केली होती, हेही सगळ्यांना पाठ होतं.

"आत्याबाई, मी मांजराला हातसुद्धा लावत नाही."

"तू न्हाई लावलास. लावून घेतलास. त्या मेंढकीनीकडून, मागच्या रानातल्या चतुराबाईकडून."

तेवढ्यात बजरंग धावत आला. त्याच्या हातात मुठीएवढा पांढरा गोळा होता. "अण्णा! चतुराबाईच्या पालात घावला. गाठोड्यात होता, म्हाळूच्या कातरीसंगं!"

घराचे कर्ते सुंदरराव, गावाचे अण्णा, बाहेर निघायच्या तयारीत होते. त्यांनी तो गोळा हातात घेऊन दाबून पाहिला. मऊ, रेशमी. बर्फीचाच.

२

अण्णा कधी ओरडत नसत. म्हणून त्यांची भीती जास्त वाटायची.

"सूनबाई, हे बघा," ते ओट्यावर उभे राहून म्हणाले. "घरातलं असलं तर घरात मिटंल. तुमी कबूल व्हा, रोहिणीची माफी मागा, विषय संपला. न्हाईतर ही चोरी मेंढक्याची. मंग म्हाळूचा मेंढरांचा वाडा दिवस मावळायच्या आत माज्या शेतातून उठला पाहिजे."

म्हाळू आणि त्याची बायको चतुराबाई यांची दीडशे मेंढरं महिन्याभरापासून बंगल्यामागच्या रिकाम्या रानात बसत होती. रानाला खत मिळायचं, मेंढरांना अण्णांच्या विहिरीचं पाणी. एप्रिल संपत आला होता आणि आसपासच्या ओढ्यांत दगड तेवढे उरले होते. वाड्यात आठवड्याभराची अकरा कोकरं होती. आज इथून उठायचं म्हणजे त्यातली निम्मी वाटेवर मरणार, हे शहरातल्या माणसालाही कळलं असतं.

म्हणजे एक खोटं बोललं की अकरा कोकरं वाचतात. तेजश्रीने मुक्ताला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिचे पाय कापत होते. पाय तिचे नेहमीच कापत. गॅस बंद केला का, दाराला कडी आहे का, पोरगी श्वास घेते का. घरात तिला "वहमी" म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

"मी केलं नाही, मामंजी," ती म्हणाली. "चतुराबाईनेही केलं नाही. जे केलं नाही ते मी कबूल होणार नाही."

"मंग कुणी केलं?"

"दिवस मावळायच्या आत सांगते."

तिच्या नवऱ्याने, आदिनाथने, पोह्यांची बशी बाजूला सारली. "तेजू, कशाला वाढवतेस? माफी माग ना. दोन शब्द तर आहेत."

"तुम्ही पोहे खा."

"नको. कालच्या लग्नातली जिलेबी पोटात बसलीय दगडासारखी."

अण्णांना न्यायला आज त्यांचे मित्र आपली गाडी घेऊन आले होते. ती फाटकाबाहेर पडली. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

तेजश्री पहिल्यांदा बर्फीकडे गेली. आयुष्यात प्रथमच तिने त्या मांजराला जवळून पाहिलं. आधी मुक्ताला सासूबाईंकडे दिलं, मग रोहिणीचे हातमोजे घातले आणि बसली.

रोहिणी पलंगाच्या कडेला मुसमुसत होती. एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळलेली.

"रोहिणीताई, शेवटची कधी बघितलीत तिला?"

"काल दहाला. लग्नाला निघताना. तुमच्यासाठी दादाने ते जाळीचं दार बसवलंय ना, ते लावून गेले मी."

"आणि रात्री?"

"दमले होते. पलंगाखाली होती ती. डोळे चमकले, झोपले मी." ती पुन्हा रडू लागली. "कुणी चिडून केलंय वहिनी. माझे व्हिडिओ बघवत नाहीत लोकांना."

तेजश्रीने बर्फीचा पंजा दाबला. नख बाहेर आलं. टोक कापलेलं, गोल. दुसरंही. चारी पायांची नखं कुणीतरी नीट काढली होती. डोळ्यांच्या कोपऱ्यात नेहमी असणारे तांबूस डाग नव्हते. कानसुद्धा आतून स्वच्छ.

चिडलेला माणूस नखं काढत बसतो? डोळे पुसतो?

मग तिने पलंगाखाली पाहिलं. न्हाणीघर, मोरी, कचऱ्याचा डबा, परसातली राख, सगळं पाहिलं. एवढ्या मांजराचे केस कापले तर पिशवीभर ढीग निघेल. घरात एकसुद्धा कापलेला केस नव्हता.

म्हणजे बर्फीला घरात भादरलंच नव्हतं.

३

वाड्याभोवती जाळी लावलेली होती आणि आत कोकरं बें बें करत आयांना शोधत होती. चतुराबाई सामान बांधत होती. तेजश्रीला बघून तिने मान फिरवली.

"आता काय ऱ्हायलं वैनीसाब? गाठोडं बी उचकटलं आमचं."

"चतुराबाई, तो गोळा तुमच्याकडे कसा आला, तेवढं सांगा."

"सांगून कोण ऐकतंय?"

"मी ऐकते."

चतुराबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पालातून हातभर दोऱ्याची गुंडी आणली. पांढऱ्या केसांत काळी लोकर मिसळून कातलेली.

"रोहिणीताई त्या मांजराला इंचरतेत कुठं? फोटोपुरतं. रोज दूध घालाया आले की मीच इंचरते. फणीत निघतेत ते केस ताई फेकून देतेत. मला फेकाया जीव न्हाई झाला. ल्हानपणापासनं लोकर कातली मी, असलं मऊ कधी बघितलं न्हाई. म्हटलं मुक्ताला टोपडं करावं. थंडीपर्यंत हुईल."

"म्हणजे हे केस कापलेले नाहीत?"

चतुराबाई हसली, जरा कीव केल्यासारखी. गोळ्यातला एक पुंजका बजरंगच्या हातून खाली पडून राहिला होता. तो तिने उचलला आणि दुसऱ्या हाताने बाजूच्या मेंढीची लोकर चिमटीत धरली. "शिकलेल्या तुमी. हे बघा. गळालेला केस बुडाशी बारीक गाठ घेऊन येतो. कातरलेला बुडाशी सपाट असतो, सुरीनं कापल्यावानी. आमच्यातलं शेंबडं पोर बी सांगंल."

म्हाळू आतापर्यंत काठीवर हनुवटी टेकवून ऐकत उभा होता. तो म्हणाला, "आन माजी कातर घेऊन बसलं हायती समदे! बघा ती." त्याने पात्याची भलीमोठी कातर पुढे केली. "हिनं कापलं तर अंगावर पायऱ्या पडतेत. मेंढी बघा. त्या मांजराचं अंग कसं हाय?"

"गुळगुळीत. सगळीकडे एकसारखं."

"मंग मशीन हाय ते. आन पाय बांधल्याचे वळ?"

"नाहीत."

"न्हाई ना? आमी पाय बांधल्याबगर कातरत न्हाई. आन मेंढरू आधी धुतो, दोन रोज वाळवतो, मंग कातरतो." तो थांबला. "कातडी कशी हाय पर? आत?"

तेजश्रीने सांगितलं. काखेजवळ रुपयाएवढा गोल, कडेला खवले, मध्ये फिकट. पाठीवर तसाच दुसरा.

म्हाळू आणि चतुराबाईने एकमेकांकडे पाहिलं. चतुराबाईने सावकाश आपला उजवा हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यात तसलाच गोल होता.

"गजकर्ण," म्हाळू म्हणाला. "वासराला येतं, कोकराला येतं. एकाचं दुसऱ्याला लागतं. केसाबरूबर जातं. औषध लावायचं तर आधी केस काढावं लागतेत."

तेजश्रीच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. तिची नजर चतुराबाईच्या हातातल्या पांढऱ्या-काळ्या दोऱ्यावर होती. तीन आठवड्यांपूर्वी अशाच दोऱ्याचा एक तुकडा चतुराबाईने मुक्ताच्या दंडावर बांधला होता. दृष्ट लागू नये म्हणून. तेजश्रीनेच मागून घेतला होता.

ती बंगल्याकडे पळत सुटली.

४

मुक्ता सासूबाईंच्या मांडीवर पळी चाटत होती. तेजश्रीने तिचा दंड धरला आणि दोरा बोटाने वर सरकवला. खाली लाल कडं. गोल, खवलेदार. ती त्याला गेले दहा दिवस घामोळं समजत होती.

मागून धापा टाकत चतुराबाई आली होती. तिने कडं पाहिलं आणि तोंडावर हात मारून घेतला. "माज्या हातानं बांधला गं माय! तोडते, आत्ता तोडते."

तेजश्रीचाही हात दोऱ्यावर होता. एक हिसका, की तुटला असता. तिच्या अंगातला कण न कण तोड म्हणत होता. पण हा दोरा तीन आठवड्यांपूर्वीच्या केसांचा होता. म्हणजे बर्फी तीन आठवड्यांपूर्वीच आजारी होती. हे अण्णांना डोळ्यांनी दिसायला हवं होतं. तिने दोरा दंडावरून सरकवत बाहीवर आणला, कातडीपासून लांब, आणि लेकीचा हात साबणाने तीनदा धुतला.

"संध्याकाळपर्यंत राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या नावावरचा डाग यानेच धुवायचाय."

तुळजाबाई हे सगळं डोळे फाडून बघत होत्या. "काय चाललंय गं? कसला डाग?"

"आत्याबाई, रोहिणीताईंच्या खोलीत वास कधीपासून येतोय?"

"काल आल्यापासून. कावून?"

नासक्या अंड्याचा वास. तेजश्री रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. बीडच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा वास कपड्यांत बसायचा आणि बसमध्ये शेजारच्या बायका उठून दुसरीकडे बसायच्या. गंधकाचा वास. कातडीच्या रोगावर गंधकाचं औषध.

कुणीतरी बर्फीला छळलं नव्हतं. तिच्यावर उपचार केला होता. मग चोरून का?

गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बर्फीची प्रवासाची टोपली पालथी घातलेली होती. धुतलेली. कडेच्या फटीत अजून ओल होती.

तेजश्री खाली आली. बजरंग पोर्चमध्ये मोठी गाडी पुसत होता.

"बजरंग, लग्नाचं जेवण कसं होतं काल?"

"एकच नंबर, वैनी! वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. पाच वाट्या बुंदी हाणली."

"आणि जिलेबी?"

"जिलेबी? जिलेबी न्हवती वो. बुंदीच होती नुस्ती."

तेजश्रीने गाडीचा दरवाजा धरला. "दादा पंगतीला तुमच्याबरोबर होते?"

"दादा? ते त्यांच्या छोट्या गाडीनं मागून निघालते. लग्न लागून, जेवणं हून, आहेर चालू झाल्यावर आले. अर्ध्या तासात परत गायब." बजरंग हसला. "आन काल संध्याकाळी एक नवलच झालं. दादानं स्वतःच्या हातानं गाडी धुतली! ज्या माणसानं पाण्याचा तांब्या उचलला न्हाई, त्यो पाइप घेऊन मागची सीट धुतोय. म्हटलं, दादा, मी हाय की. तर माज्यावरच खेकसले."

छोटी गाडी झाडाखाली उभी होती. तेजश्रीने मागचा दरवाजा उघडला.

साबणाच्या वासाखाली, उन्हाने तापलेल्या सीटमधून, तो वास हळूहळू वर आला.

५

ती आपल्या खोलीत गेली आणि कपाटातलं मलम काढलं. दहा दिवसांपूर्वी आदिनाथने आणलं होतं. "घामोळ्याचं आहे, रोज रात्री मीच लावीन," असं म्हणून. तिला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं! ट्यूबवरचं नाव पात्याने खरवडून काढलेलं होतं. हे तिने त्याच दिवशी पाहिलं होतं आणि विचारलंही होतं. "दुकानात घासलं असेल. तुला प्रत्येक गोष्टीत संशय का गं?"

त्याच आठवड्यात जाळीचं दार लागलं. "तुझ्या समाधानासाठी."

समाधानासाठी. तिच्या पोरीला रोग लागलाय हे त्याला माहीत होतं. दहा रात्री तो तिच्यासमोर औषध लावत होता आणि तिला वेडी ठरवत होता.

दुपार अशीच गेली. कूलर घरघरत राहिला. तिने मुक्ताचे सगळे कपडे उकळले, चादरी उकळल्या, बाहुलीसुद्धा उकळली. चार वाजता रोहिणी दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, चतुराबाईच्या हातावर ते गोल काय आहे?"

तेजश्रीने तिच्या ओढणीकडे पाहिलं. रोहिणीने ओढणी आणखी घट्ट केली. मंगळवारी तिला बघायला पाहुणे येणार होते.

"मला वाटलं नव्या चेनमुळे," रोहिणी हळूच म्हणाली.

"औषधाने जातं ते. महिनाभर लावावं लागतं, एवढंच. मी कुणाला सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दिवस मावळायला अजून अवकाश होता, पण अण्णा परत आले होते. आणि मागच्या रानात म्हाळू जाळीचे खुंटे उपटत होता.

६

ओट्यावर अण्णा खुर्चीत बसले. तुळजाबाई, रोहिणी, बजरंग. आदिनाथ खांबाला टेकून फोनमध्ये बघत होता. तेजश्रीने म्हाळू आणि चतुराबाईला बोलावून आणलं होतं. ते पायरीखाली उभे राहिले.

"वर या," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या वैनीसाब."

"मग मी खाली येते." आणि ती मुक्ताला घेऊन पायरी उतरली, त्यांच्या शेजारी उभी राहिली. तुळजाबाईंनी कपाळाला हात लावला.

"मामंजी, त्या गोळ्यातला कुठलाही केस बघा. बुडाशी गाठ आहे. हे विंचरताना गळालेले केस आहेत, कापलेले नाहीत. बर्फीच्या अंगावर मशीन फिरलंय, म्हाळूबाबांची कातर नाही. नखं काढलीत, डोळे पुसलेत, कान धुतलेत. घरात एक कापलेला केस नाही, म्हणजे तिला बाहेर नेलं होतं. तिची टोपली गच्चीवर धुऊन वाळत घातलीय. अंगाला गंधकाच्या औषधाचा वास आहे, कारण तिला गजकर्ण झालंय. आणि हे तीन आठवड्यांपासून आहे." तिने मुक्ताची बाही वर केली. "तेव्हाच्या केसांचा दोरा हा. आणि त्याखाली हे."

अण्णांनी चष्मा लावून नातीच्या दंडाकडे पाहिलं. त्यांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

"पोरीला झालंय?" त्यांचा आवाज बदलला होता. "कुणी नेलं हुतं मांजर?"

"ज्याने काल लग्नात जिलेबी खाल्ली त्याने."

बजरंगच्या हातातलं फडकं गळून पडलं. "आयला," तो म्हणाला आणि जीभ चावली.

तेजश्रीने ती खरवडलेली ट्यूब ओट्यावर, आदिनाथसमोर ठेवली. "लग्नात बुंदी होती. तुम्ही पंगतीला नव्हता. बर्फीला बीडला जनावरांच्या डॉक्टरकडे सोडलं, तोंड दाखवायला मांडवात आलात, परत जाऊन तिला आणलंत. बाकीचे परतायच्या आधी, मी फाटकाशी चतुराबाईकडून दूध घेत होते तेव्हा मागच्या दाराने आत ठेवलं असणार. गाडी धुतलीत. वास धुतला गेला नाही. तुम्ही सांगा आता, का मी सांगू?"

आदिनाथने फोन खिशात घातला. पुन्हा काढला. पुन्हा घातला.

"चांगल्यासाठीच केलं मी," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाला केस काढावेच लागतील. रोहिणीला सांगितलं असतं तर तिने काढू दिले नसते. तुला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस. मंगळवारी पाहुणे आहेत. अण्णांनी मांजर रानात सोडायला लावलं असतं. म्हटलं उन्हाळ्यामुळे कापले म्हणून सांगू सकाळी. तेवढ्यात तो गोळा निघाला, अण्णा बोलून बसले, आणि..."

"आन तू माजं तोंड बघत ऱ्हायलास," अण्णा म्हणाले.

"तुमच्यासमोर कधी कुणाचं तोंड उघडलंय का?"

तेजश्रीला त्या घरात इतकं खरं वाक्य यापूर्वी कधी ऐकू आलं नव्हतं. पण तिला त्याची दया आली नाही.

"तुझ्यासाठीच लपवलं गं," तो तिच्याकडे वळला. "तू किती घाबरतेस, माहिती नाही का मला?"

"घाबरते," ती म्हणाली. "आणि दहा दिवस माझं खरं होतं. मी घाबरते म्हणून मला खोटं सांगायचं, आणि मग मला वहमी म्हणायचं. हे आजपासून बंद."

"पाहुण्यांचं काय आता?" तुळजाबाई पुटपुटल्या. "मांजराचं कळलं तर..."

रोहिणीने ओढणी काढली. गळ्याच्या खाली, खळीजवळ, लाल गोल दिसला. "मलाही आहे, आई. येऊ दे पाहुण्यांना. एवढ्यावरून मोडणारं असेल तर मंगळवारीच मोडू दे."

अण्णांनी घसा खाकरला. "बरं. झालं ते झालं. म्हाळू, तुजा वाडा ऱ्हाऊ दे. पाणी बी वापर. विषय संपला."

म्हाळूने मान हलवली, पण तो जागचा हलला नाही.

"संपला नाही, मामंजी," तेजश्री म्हणाली. "सकाळी त्यांच्या पालात शिरून गाठोडं उचकटलं. शेजारच्या रानातले गडी बघत होते. चोर तिथे म्हटलं. ते इथे ओट्यावर बसून परत घेता येत नाही."

अण्णांचा चेहरा कठीण झाला. या घरात त्यांच्या "विषय संपला"नंतर कुणी बोललं नव्हतं. तेजश्रीचे पाय आत्ताही कापत होते. ते कापू देत ती उभी राहिली.

"चल रे," अण्णा शेवटी आदिनाथला म्हणाले आणि स्वतःच खुर्चीतून उठले. "पायताण घाल."

सगळे रानात गेले. ऊन उतरलं होतं. शेजारच्या बांधावर गडी भाकरी सोडून बघत उभे राहिले. आदिनाथ पालासमोर थांबला, आणि पहिल्यांदा इतक्या हळू बोलला की चतुराबाई म्हणाली, "ऐकू न्हाई आलं दादा. मेंढरं वरडतेत." मग तो मोठ्याने बोलला. मांजर मी नेलतं. तुमचा काही संबंध नव्हता. मी गप्प बसलो. चुकलं. बजरंगनेही न सांगता हात जोडले. अण्णा वाकले आणि म्हाळूने उपटलेला जाळीचा एक खुंटा उचलून, जुन्या भोकात परत ठोकू लागले.

चतुराबाईने ओट्यावरून आणलेला पांढरा गोळा आणि गुंडी चुलीत टाकली. केस चर्रकन जळले. ती क्षणभर बघत राहिली. "टोपडं लई ग्वाड झालं असतं," ती म्हणाली.

"नुसत्या लोकरीचं करा," तेजश्री म्हणाली. "धुतलेल्या. आणि आधी तुमच्या हाताला औषध. उद्या आपण दोघी बीडला जाऊ."

मग तिने मुक्ताचा दंड पुढे केला. दोरा अजून बाहीवर अडकलेला होता. "म्हाळूबाबा, तुमची कातर द्या."

"वैनी, लेकराला कातर? कैची आणतो की घरातली," बजरंग म्हणाला.

"हीच. पण आधी उकळत्या पाण्यातून काढा."

चतुराबाई हसली, सकाळपासून पहिल्यांदा. चुलीवर पाणी उकळलं, हातभर लांबीची ती पाती त्यातून वाफाळत बाहेर आली, म्हाळूने हवेत झुलवून थंड केली. तो कचरत होता. ज्या कातरीवरून सकाळी त्याला चोर ठरवलं होतं, ती त्याच घरातल्या लेकराच्या अंगाजवळ न्यायची. आणि बांधावरून सगळे बघत होते.

"हात कापंल माजा," तो पुटपुटला.

"माझाही कापतोय," तेजश्री म्हणाली. "तुम्ही कापा."

तिने लेकीचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि डोळे उघडे ठेवले. कातर एकदाच वाजली.